पसंतीक्रम मुलांचा, कारभार पालकांचा

ज्या घरातील सोळा-सतरा वर्षांचे मूल आयआयटीच्या अथवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करीत असते, त्या घराचा सारा व्यवहार दोन वर्षांपुरता एका अलिखित फर्मानाच्या अमलाखाली येतो. पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर या’ असे सांगितले जाते, गावची जत्रा आणि मावसबहिणीचे लग्न यांतून त्या मुलाला माफी मिळते, टीव्हीचा आवाज बंद होतो, आई रात्री उठून खोलीतला दिवा जळतो आहे की नाही हे पाहून येते, आणि वडील कामावरून परतल्यावर पाटावर बसण्यापूर्वी त्या दिवशीच्या टेस्टमध्ये किती गुण पडले याची विचारणा करतात. हे सर्व प्रेमापोटी घडते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. परंतु या प्रेमाची जेथे खरी निकड असते तेथे ते बहुधा पोहोचत नाही, आणि जेथे त्याची गरज नसते तेथे ते इतके दाटून येते की मुलाला श्वास घेण्यास जागा उरत नाही, असे माझे मत अनेक घरे जवळून पाहिल्यावर झाले आहे.

अभ्यास आणि निवड या दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या आहेत; दस्तऐवज, मुदती, पैशांचा हिशेब आणि घराचे स्वास्थ्य या गोष्टी पालकांच्या आहेत. आपल्याकडे वाटणी नेमकी उलट झाली आहे. गुणांची रोजची तपासणी आईवडील करतात, कोणती शाखा आणि कोणते शहर हे आत्या-काका मिळून मुक्रर करतात, आणि दाखल्यांची आठवण मात्र निकाल लागल्यानंतर, तहसील कचेरीपुढे रांग लागलेली असताना होते.

प्रथम या स्पर्धेचे खरे स्वरूप लक्षात घेऊ. २०२४ साली जेईई मेन या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला सुमारे १४ लाख विद्यार्थी बसले. त्यांतून पहिल्या अडीच लाखांना आयआयटीसाठीच्या अॅडव्हान्स्ड या दुसऱ्या टप्प्याला बसण्याची मुभा होती. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ८० हजार बसले, ४८,२४८ पात्र ठरले, आणि तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे ‘पात्र’ असा शिक्का बसलेल्यांतही बहुसंख्यांना जागा नव्हती. त्याच वर्षी नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून एक लाखाच्या थोड्या वर होत्या. या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकल्यास एक गुण वजा होतो. त्यामुळे उणे १८० पासून ७२० पर्यंतच्या पट्टीवर हे सारे विद्यार्थी मांडले, तर एकेका गुणावर सरासरी अडीच हजार मुले उभी राहतात. एक उत्तर चुकले की पाच गुणांचा फरक पडतो, आणि पाच गुणांनी क्रमांक हजारोंनी मागे जातो. एका दुपारी एका प्रश्नावर डोळा चुकला म्हणून मागे पडलेल्या मुलाची बुद्धी, त्याची मेहनत आणि त्याचे चारित्र्य ही आदल्या दिवशी होती तेवढीच असतात. हे गणित पालकांनी परीक्षेपूर्वीच, शांतपणे, कागदावर मांडून पाहावे. निकालाच्या दिवशी ते कोणाच्या कामी येत नाही.

महाराष्ट्राला विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहण्याची परंपरा नवी नाही. धोंडो केशव कर्वे मुरुडहून सहावीची परीक्षा देण्यासाठी ऐन पावसाळ्यात कुंभार्ली घाट ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि तेथे, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असे सांगून परीक्षकांनी त्यांना परत पाठविले, ही हकीकत त्यांच्या आत्मवृत्तात आहे. अभ्यास पुरा होता, पाय थकले होते, आणि अडले ते वयाच्या खात्रीपाशी. याच कर्व्यांनी पुढे मुंबईत शिक्षक असताना आपल्या मुर्डीच्या नात्यातल्या एका मुलाला घरी आणून ठेवले, त्याच्या राहण्याजेवणाची आणि शाळेची तजवीज केली. तो मुलगा म्हणजे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. पुण्यात माधुकरी मागून आणि वारावर जेवून शिकलेल्या मुलांच्या पिढ्या झाल्या. त्यांना अन्न वाढणाऱ्या घरांपैकी बहुतेकांना त्या मुलाच्या गणिताच्या वहीत काय आहे हे ठाऊक नव्हते आणि ते विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे असेही त्यांना वाटत नव्हते. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तीही ग्रामीण भागातून आलेल्या मुलांना छप्पर, जेवण आणि आधार देण्यासाठी. या साऱ्या साहाय्याचे मर्म एकच होते: मार्गातील अडथळे वडीलधाऱ्यांनी दूर करावेत आणि चालणे मुलावर सोपवावे.

आज हे अडथळे घाटातील पावसाचे राहिलेले नाहीत, ते दफ्तरातील आहेत. आणि त्यांविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण गुणवत्ता असूनही जागा हातची जाण्याचे प्रसंग येथेच घडतात. राखीव जागेवर हक्क असलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात केवळ जातीचा दाखला पुरत नाही, जातपडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ते मिळविण्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. हा पुरावा म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरातील उतारा, गाव नमुना नंबर १४ म्हणजेच कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद. ज्या घराने एका पिढीपूर्वी गाव सोडले, त्या घरातील कोणीतरी जबाबदार मनुष्याने गावी जाऊन, तलाठ्यास भेटून, मोडी लिपीतील नोंद असेल तर तिचे लिप्यंतर करून घेऊन हा कागद हस्तगत करावयाचा असतो. हे काम अकरावीतल्या मुलाचे नव्हे, आणि ते बारावीच्या निकालानंतर आरंभण्याचेही नव्हे. अकरावी सुरू होताच महाविद्यालयामार्फत अर्ज दाखल व्हावयास हवा.

यापुढचा घोटाळा राज्य आणि केंद्र यांच्या दाखल्यांचा. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यास राज्याच्या प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र चालते. आयआयटी आणि एनआयटी यांच्या प्रवेशासाठी मात्र केंद्राच्या नमुन्यातील, त्याच वर्षीच्या १ एप्रिल रोजी अथवा त्यानंतर दिलेले प्रमाणपत्र लागते. जात केंद्राच्या यादीत आहे की नाही हेही निराळे पाहावे लागते. मराठा समाजातील विद्यार्थ्यास २०२४ च्या कायद्यान्वये राज्यात सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणून आरक्षण आहे, पण ते केंद्रीय संस्थांत चालत नाही; तेथे तो उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटक म्हणून निराळा दाखला काढावा लागतो. एकाच मुलासाठी, एकाच उन्हाळ्यात, दोन सरकारांसाठी दोन दाखले अशी ही स्थिती आहे. वैद्यकीय प्रवेशाचा आणखी एक नियम अनेक पालकांना उशिरा कळतो: शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या, आणि त्यांच्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावे असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे जे पालक मुलाला दहावीनंतर क्लाससाठी राजस्थानात पाठवून तेथूनच बारावीला बसवतात, ते त्याच्यासमोरचे सर्वांत मोठे दार स्वतःच्या हाताने लावून घेतात.

मुदतीचे म्हणाल तर २०२४ सालचे एक प्रकरण प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. जागा स्वीकारण्याचे १७,५०० रुपयांचे शुल्क जमविण्यात वेळ गेला, ते मुदतीच्या आत भरले गेले नाही, आणि जागा रद्द झाली. सप्टेंबरअखेरीस सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाचा अधिकार वापरून त्याच्यासाठी अधिक जागा निर्माण करण्याचा आदेश दिला. न्याय झाला, याचा आनंद आहे. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचणे प्रत्येकाच्या नशिबी नसते. ज्या घराला परवडते त्याने ही रक्कम मे महिन्यातच बाजूला काढून ठेवावी, आणि ज्या गावात असे एखादे मूल असेल त्या गावातील ग्रामपंचायतीने, पतसंस्थेने, माजी विद्यार्थ्यांनी ती त्याच्यासाठी तयार ठेवावी. सतरा हजार रुपयांसाठी एका गुणी मुलाची जागा जाणे ही त्या मुलाच्या बापाची नव्हे, साऱ्या समाजाची नामुष्की आहे.

आता पसंतीक्रमाकडे वळतो. २०१५ पासून आयआयटी, एनआयटी आणि इतर केंद्रीय संस्थांचे प्रवेश जोसा या एकाच यंत्रणेतून होतात. विद्यार्थ्याने संस्था आणि शाखा यांच्या जोड्या आपल्या आवडीच्या क्रमाने लिहावयाच्या. त्यांच्या संख्येवर मर्यादा नाही. या वाटपामागचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीवर आधारलेले आहे, आणि पुढे २०१२ साली शेपली यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्यामागे हेच कार्य होते. त्या पद्धतीचा गुण असा की, विद्यार्थ्याने आपली पसंती जशी आहे तशी, प्रामाणिकपणे, लिहिली तर त्याचे कधीही नुकसान होत नाही. वरची जागा मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरचा त्याचा हक्क कमी होत नाही. तरीही घरोघर काय चालते? गेल्या वर्षीचे कट-ऑफ समोर ठेवून, ‘हे मिळणारच नाही, मग वर कशाला लिहायचे’ असे म्हणून मुलाची खरी आवड यादीतून खोडली जाते. त्याला हव्या असलेल्या शाखेच्या वर शेजाऱ्यांना ठाऊक असलेले नाव चढविले जाते. आणि शेवटी जी यादी कुलूपबंद होते ती त्या मुलाची नसते, ती एका कौटुंबिक सभेचा ठराव असते. (राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतील, म्हणजे कॅप राउंडचे, नियम थोडे निराळे आहेत, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, त्यामुळे तेथे तर पहिल्या ओळीवर मुलाच्या मनातले नाव असणे अधिकच अगत्याचे आहे.)

पालकांनी येथे काहीच बोलू नये, असे मी म्हणत नाही. खर्च किती झेपेल हे त्यांनी स्पष्ट सांगावे. कर्ज काढावे लागणार असेल तर किती, हेही सांगावे. सतरा वर्षांच्या मुलाला घराची आर्थिक कैफियत समजते, आणि ती त्याच्यापासून लपविली तर तो तिची कल्पना प्रत्यक्षाहून भयंकर करून घेतो. जागा मिळाल्यावर निवडावयाच्या फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड या तीन पर्यायांचा अर्थ आईवडिलांनी आधी वाचून घ्यावा आणि त्याला समजावून द्यावा. परंतु धातुशास्त्र की संगणक, पवई की खरगपूर, याचा शेवटचा निर्णय त्याचा असावा, कारण चार वर्षे पहाटे उठून त्या वर्गात जाऊन बसावयाचे आहे ते त्याला.

मुलींच्या बाबतीत हे अधिक आग्रहाने सांगितले पाहिजे. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या, त्यामागे मुलींची संख्या वाढावी हा हेतू होता. पण जागा निर्माण करणे सरकारच्या हाती आहे, दूरच्या शहराला संमती देणे घराच्या हाती आहे. ज्या क्रमांकावर भावाला गुवाहाटीस किंवा रुडकीस आनंदाने पाठविले असते, त्याच क्रमांकावर बहिणीच्या यादीतून ती नावे खोडून जवळचे महाविद्यालय वर आणले जाते, आणि याला काळजी असे नाव दिले जाते. ही काळजी नव्हे, अन्याय आहे.

आणि एक गोष्ट निकालापूर्वी, मोठ्याने, जेवणाच्या वेळी सर्वांदेखत बोलली गेली पाहिजे: ही जागा मिळाली नाही तर पुढे काय. पुष्कळ पालकांना भय वाटते की दुसऱ्या मार्गाचा उच्चार केला तर मुलाचा निर्धार ढिला पडेल. माझा अनुभव उलट आहे. ज्याला मागे भक्कम जमीन आहे हे ठाऊक असते तोच निर्भयपणे उडी घेतो. आणि दुसरा मार्ग म्हणजे हलका मार्ग नव्हे. १८५४ पासून चालत आलेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, १८८७ ची व्हीजेटीआय, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाच्या रूपाने सुरू झालेली माटुंग्याची आयसीटी या संस्थांना कोणाच्या शिफारसीची आवश्यकता नाही. ज्याला विज्ञान विज्ञान म्हणून आवडते त्याच्यासाठी पुण्यातच २००६ पासून आयसर आहे आणि तिची प्रवेशपरीक्षा निराळी आहे. ज्याला गणिताचे वेड आहे त्याच्यासाठी महालनोबिसांनी १९३१ साली स्थापिलेली कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणितीय संस्था आहे. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापिलेल्या पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात गणित शिकण्यासाठी जाणाऱ्या मुलांना ही नावे ठाऊक असतात. लातूर, नांदेड, जळगावच्या मुलांना ती कोणीतरी सांगावी लागतात. त्या मुलाच्या कानावर अकरावीत ही नावे पडली नाहीत, तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही. जेईई मेन आणि नीट आता मराठीतून देता येतात, अॅडव्हान्स्ड मात्र अजूनही इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला विज्ञानाची परिभाषा दोन भाषांत पक्की करून घेण्यासाठी दहावीच्या सुटीतच साहाय्य मिळाले, तर ते पुढच्या महागड्या टेस्ट सिरीजपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

क्लासविषयी थोडेच लिहितो. क्लासला माझा विरोध नाही. राजस्थानातील कोटा शहरात विनोदकुमार बन्सल यांनी आजारपणामुळे आपल्या घरच्या टेबलाभोवती मुलांना शिकविण्यास आरंभ केला, आणि लातूरच्या शाहू व दयानंद महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी सुट्यांतही वर्ग घेऊन मराठवाड्यातील मुलांना गुणवत्ता यादीत नेले, तेव्हा या दोन्ही ठिकाणी मुळाशी शिक्षकाची तळमळ होती. माझा विरोध आहे तो ‘इंटिग्रेटेड’ या नावाखाली कनिष्ठ महाविद्यालयाचे नाव केवळ हजेरीपटापुरते ठेवण्याला, प्रयोगशाळेत पाऊल न टाकता प्रात्यक्षिकांचे गुण मिळविण्याला आणि सहावी-सातवीतल्या मुलाला फाउंडेशनच्या बाकावर बसविण्याला. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना क्लासने दाखल करून घेऊ नये अशी मार्गदर्शक सूचना काढली; तिची अंमलबजावणी पालकांनी मनावर घेतल्याशिवाय होणार नाही. सर्वसाधारणपणे बारावीला ७५ टक्के गुण किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान असल्याशिवाय आयआयटीत प्रवेश नाही, हेही बारावीला गौण मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा निर्णय, ज्याला मुले ड्रॉप घेणे म्हणतात, तोही मुलाने मागितला तरच द्यावा. अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. दुसरे वर्ष आईवडिलांच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेसाठी खर्ची पडणार असेल तर ते त्या मुलाच्या आयुष्यातून घेतलेले वर्ष आहे.

हे सर्व मी इतक्या कळकळीने लिहितो याचे कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. कोट्यात २०२३ च्या ऑगस्टमध्ये वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश जिल्हा प्रशासनास काढावा लागला. प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच असते असे नव्हे. कारणे गुंतागुंतीची असतात आणि दूर बसून कोणावर दोषारोप करणे क्रूरपणाचे आहे. तथापि घरात गुणांव्यतिरिक्त दुसरे काही बोलले जात नसेल, तर मुलाला आपले दुःख सांगण्यासाठी घरात जागाच राहत नाही, एवढे तरी आपण मान्य करू.

म्हणून या वर्षी ज्यांच्या घरी असे मूल आहे त्या आईवडिलांना माझी विनंती आहे की, टेस्टच्या गुणांची रोजची चौकशी आजपासून बंद करावी, दाखल्यांची फाइल स्वतःच्या ताब्यात घ्यावी, पसंतीक्रमाचा कागद कोरा ठेवून मुलाच्या हाती द्यावा, आणि त्याची झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे थांबले असे दिसले तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र विनामूल्य चालू आहे आणि तिच्यावर मराठीतून बोलता येते.